छोट्या मोटारीचे खरे माप

क्षणभर डोळे मिटा आणि एसटीची लाल गाडी नजरेपुढे आणा. प्रवाशांनी चढण्याचे दार तिच्या कोणत्या बाजूला आहे? ड्रायव्हर कोणत्या बाजूला बसतो? एका बाजूला खिडक्या किती? मागचे चाक गाडीच्या अगदी टोकाला आहे की टोकापासून बरेच आत? दाराचे उत्तर तुम्ही चटकन द्याल. खिडक्यांपाशी मात्र अडखळाल. जिच्यातून रोज शाळेला जातो, तिच्या खिडक्या आपण कधी मोजल्या नाहीत हे कळले की माणूस थोडा ओशाळतो. मला तर याहून पुष्कळ अधिक ओशाळावे लागले आहे. ती हकीगत आधी सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. हॉलच्या मध्यभागी एका टेबलावर थर्मोकोलची दीड हात लांबीची एसटी ठेवली होती. रंग लालभडक, पुढचे दिवे लागत होते, बटण दाबले की चाके गरगर फिरत होती. तिच्याभोवती मुलांची ही गर्दी! कोपऱ्यातल्या टेबलावर पुठ्ठ्याचा एक ट्रॅक्टर होता. त्याला दिवे नव्हते आणि मोटारही नव्हती. तो करणारा मुलगा आठवीतला असावा.

“काय दाखवतो आहेस?” मी विचारले.

“सर, ट्रॅक्टर.”

“ते दिसतेच आहे. पण यात विज्ञानाचे तत्त्व कोणते?”

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, “सर, टेपनं मोजून केला. आमच्या काकाचा आहे.”

मी ट्रॅक्टर उचलून पाहिला. तळाशी पेन्सिलीने १:१० असे लिहिले होते. मी ते वाचले, ट्रॅक्टर खाली ठेवला आणि पुढे गेलो. पहिले बक्षीस बसला मिळाले. ते देणाऱ्या परीक्षकांत मीही होतो.

संध्याकाळी परत निघालो. बसस्थानकावर गाडी आली आणि सारे प्रवासी तिच्या डाव्या बाजूला धावले. मी मात्र जागच्या जागी उभा राहिलो. थर्मोकोलच्या त्या बसचे दार उजव्या बाजूला होते! ती गाडी खरी असती, तर तिने प्रवाशांना रस्त्याच्या मधोमध उतरवले असते. आम्ही तीन परीक्षक होतो, भोवती शेकडो मुले आणि पालक होते. आणि ते सारे तसल्याच गाडीने प्रदर्शनाला आले होते. कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. आणि ज्या एका मुलाने टेप घेऊन खरी वस्तू मोजली होती, त्याला मी ‘तत्त्व कोणते’ म्हणून विचारून गप्प केले होते.

वाहनांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती बनवण्याच्या छंदाबद्दल आज लिहितो आहे ते या हकीगतीमुळेच.

हा छंद जगात मोठा आहे. जपान, अमेरिका, इंग्लंड या देशांत मोटारींच्या प्रतिकृती सुट्या भागांच्या रूपाने पेटीत मिळतात. पेटी उघडली की प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. त्यांना दारे, खुर्च्या, इंजिन, सायलेन्सर असे बारीकसारीक भाग फांदीला चिंचा लटकाव्यात तसे चिकटलेले असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून या चौकटी ओततात. भाग कापून घ्यायचे, कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नकाशाबरहुकूम जोडायचे आणि रंगवायचे. एकेका मोटारीला काही आठवडे सहज लागतात. मौज अशी की, या धंद्यात पुढे नावारूपाला आलेल्या एअरफिक्स या इंग्रज कंपनीचा अशा प्रकारचा पहिला नमुना मोटारीचा किंवा विमानाचा नव्हता. तो ट्रॅक्टरचा होता. फर्ग्युसन कंपनीच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी छोटा ट्रॅक्टर हवा होता, म्हणून १९४९ साली तो तयार झाला आणि नंतर सुट्या भागांत विकला जाऊ लागला. आपल्याकडच्या शेतांत जे लाल मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर दिसतात, त्यांच्या नावातला फर्ग्युसन तो हाच.

जपानच्या तामिया कंपनीची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७० च्या दशकात या कंपनीला पोर्श जातीच्या शर्यतीच्या मोटारीची १:१२ प्रमाणाची प्रतिकृती काढायची होती. छायाचित्रे आणि नकाशे पाहून समाधान होईना, तेव्हा कंपनीचे शुनसाकू तामिया यांनी पोर्शची एक खरी मोटार विकत घेतली आणि ती सुटी करून तिचा भाग अन् भाग पाहून घेतला. प्रतिकृती १९७६ मध्ये बाजारात आली. आता विचार करा. ती पेटी विकत घेऊन जोडणाऱ्या मुलाला हात स्थिर ठेवायला, नकाशा वाचायला आणि धीर धरायला शिकायला मिळाले. पण मोटार खरोखर कशी असते हे शोधण्याचा आनंद, म्हणजे या खेळातला सर्वांत मोठा वाटा, तो तामियांच्या पदरात आधीच पडला होता.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे आहे. परदेशी पेट्या आपल्याकडे जिल्ह्याच्या गावी सहसा मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग असतात, याचे फार दुःख करू नका. कोणी मुंबई-पुण्याहून आणून दिलीच तर अवश्य जोडा. मी तिला नावे ठेवणार नाही. पण तुमच्या दारात, स्टँडवर, गॅरेजात उभे असलेले खरे वाहन मोजून त्याची पुठ्ठ्याची प्रतिकृती करणाराला जे मिळते ते पेटीत मिळत नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे असेही नाही. ज्वारीची सोंगणी झाली की धांड्यांची बंडी करणारी मुले वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या होत आली. आतला पांढरा मऊ गाभा कापून चाके करायची, सालीच्या टोकदार काड्या खिळ्यांसारख्या टोचायच्या. डिंक नाही आणि दोराही नाही. यापूर्वीचे उदाहरण हवे असेल तर अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादचे घ्या. तेथे १९७४ साली जमिनीतून काशाच्या चार वस्तू निघाल्या. त्यांतली एक म्हणजे दोन बैलांचा रथ आणि त्यावर उभा असलेला सारथी. हा रथ सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा असावा असे अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. रथ बैलांसह सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आहे आणि माणूस सुमारे १६ सेंटिमीटर उंच. माणसाची खरी उंची १६० सेंटिमीटर धरली, तर प्रमाण १:१० येते, आणि खरा रथ बैलांसकट साडेचार मीटर भरतो. आजच्या बंडीशी हे माप ताडून पाहा. त्या कारागिराने टेप लावली होती की नाही कोण जाणे, पण त्याची नजर मोजणाऱ्याची होती.

आता प्रमाणाकडे येऊ. १:२५ म्हणजे खऱ्या वस्तूवरचे २५ सेंटिमीटर प्रतिकृतीत एक सेंटिमीटर होणार. मोटारींच्या पेट्यांवर बहुधा १:२४ किंवा १:२५ छापलेले असते. १:२४ हे इंग्रजी मापांचे अपत्य आहे. एका फुटाला अर्धा इंच धरला की ते येते. आपण मीटरने मोजणारी माणसे, आपल्याला १:२५ सोयीचे, कारण एका मीटरला बरोबर चार सेंटिमीटर पडतात. समजा, एसटीची गाडी तुम्ही मोजली आणि ती ११ मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच भरली. प्रतिकृती ४४ सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि १२ उंच होईल. इतका पुठ्ठा नसेल तर १:५० घ्या. मग लांबी २२ सेंटिमीटर. अॅम्बॅसॅडर मोटार सुमारे ४.३ मीटर लांब असते. १:२५ ने ती १७ सेंटिमीटरांच्या थोडी पुढे जाते, म्हणजे तळहातावर आडवी मावते.

प्रमाण लिहिले नाही की काय होते, त्याचे आपल्या जिल्ह्यातले उत्तम उदाहरण मोटारीबाहेरचे आहे. लोणारचे सरोवर जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात असते, आणि बहुतेक वेळा ते खोल वाडग्यासारखे केलेले असते. उल्कापाताने झालेल्या त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर. १:१०,००० ने प्रतिकृती केली तर व्यास १८ सेंटिमीटर आणि खोली फक्त दीड सेंटिमीटर! म्हणजे वाडगा नाहीच, ती चपटी ताटली. काठावर उभे राहून खाली पाहताना आपल्याला विवर फार खोल वाटते आणि आपण ती भावना मातीत उतरवतो. माप मात्र भावनेला जुमानत नाही.

तर मोटारीकडे परत. लांबी २५ पट कमी झाली की सगळेच २५ पट कमी होते, असा तुमचा समज असेल तर तो येथेच सोडा. पृष्ठभाग २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ पट कमी होतो. आकारमान आणखी एकदा २५ ने, म्हणजे १५,६२५ पट कमी होते. अॅम्बॅसॅडरचे वजन अकराशे किलो धरू. हुबेहूब त्याच धातूंची, त्याच जाडीच्या प्रमाणात केलेली छोटी अॅम्बॅसॅडर फक्त ७० ग्रॅम भरेल! आणि तिचा पत्रा? खऱ्या मोटारीचा पत्रा एक मिलिमीटरच्या आसपास असतो. २५ ने भागले की ०.०४ मिलिमीटर उरतात. तुमच्या वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे खऱ्या प्रमाणातला पत्रा वहीच्या कागदाहून पातळ हवा. तो हाताच्या स्पर्शानेच चुरगळेल.

येथे छांदिष्टाची खरी परीक्षा सुरू होते. तुम्ही दोन मिलिमीटरचा पुठ्ठा वापरता. २५ ने गुणा. तुमच्या बसची भिंत पाच सेंटिमीटर जाड झाली! दुरून ते कळत नाही, पण खिडकीच्या कडेला लगेच कळते. खिडकी कापली की पुठ्ठ्याची जाडी दिसते आणि गाडी एकदम खेळण्यातली वाटू लागते. उपाय सोपा आहे. खिडकीची कड आतल्या बाजूने ब्लेडने तिरकी तासा, म्हणजे बाहेरून फक्त धारेएवढी जाडी दिसेल. भिंत तेवढीच मजबूत राहिली आणि डोळ्याला पातळ भासली. पेट्यांतल्या महागड्या मोटारींवरही जाणते लोक हीच युक्ती करतात.

रंगाचेही तसेच. खऱ्या मोटारीवरचा रंगाचा थर वहीच्या कागदाएवढा, म्हणजे सुमारे ०.१ मिलिमीटर असतो. ब्रशाने आपण भसाभस रंग फासला तर तेवढाच थर सहज चढतो, पण आपल्या मोटारीच्या मानाने तो अडीच मिलिमीटर ठरतो. म्हणजे रंग कसला, लिंपणच. दारांच्या फटी बुजतात, रिव्हेटांची डोकी बुडतात. म्हणून रंग पातळ करून दोन-तीन हात द्यावेत, आणि मधल्या वेळी धीर धरावा. (हे सांगणे सोपे आहे. ओला रंग बोटाने चाचपून पाहण्याचा मोह मला या वयातही आवरत नाही आणि माझ्या बहुतेक गाड्यांच्या टपावर माझाच अंगठा उमटलेला आहे.)

फटी उठून दिसाव्यात म्हणून करतात ती गोष्ट मला या छंदात सर्वांत आवडते. काळा रंग अगदी पाण्यासारखा पातळ करायचा, ब्रशाचे टोक त्यात बुडवायचे आणि दाराच्या फटीला एकाच जागी नुसते टेकवायचे. रंग आपण होऊन फटीतून धावत जातो! वातीत तेल चढते आणि टिपकागद शाई पितो ते केशाकर्षण, तेच येथे तुमच्यासाठी रेघ ओढून देते. पट्टी धरून इतकी बारीक आणि सरळ रेघ कोणाला ओढता येणार नाही. पुठ्ठ्यावर ही युक्ती करण्यापूर्वी एक अट पाळा. पुठ्ठ्याला आधी रंगाचा किंवा पातळ फेव्हिकॉलचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू द्या. नाही तर कागदाचे तंतूच केशनलिकांचे काम करतात आणि फटीऐवजी सगळा दरवाजा काळा होतो.

पेटीतल्या प्लॅस्टिकला चिकटवायचा पदार्थही पाहण्यासारखा आहे. नाव गोंदाचे, पण काम गोंदाचे नाही. हे भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. हा द्रव दोन्ही भागांचे पृष्ठभाग किंचित विरघळवतो, त्यांचे लांबलचक रेणू एकमेकांत मिसळतात, द्रव उडून जातो आणि दोनाचा एकच भाग उरतो. डिंकाने चिकटवलेले सांधे निखळतात, पण असा सांधा निखळत नाही, कारण तो सांधा राहिलेलाच नसतो. आणि गंमत ऐका. प्रदर्शनातला थर्मोकोल हादेखील पॉलिस्टायरीनच आहे. फक्त फुगवलेला, बहुतांशी हवाच. म्हणून तोच द्रव थर्मोकोलवर टाकला तर थर्मोकोल पाहता पाहता बसतो आणि नाहीसा होतो. या द्रवांची वाफ छातीत जाणे वाईट; काम उघड्या खिडकीपाशी करावे, आणि कंदील किंवा शेगडी जवळ ठेवू नये. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा तसाही पुठ्ठाच बरा.

कोणी म्हणतील, दारे-खिडक्यांच्या एवढ्या बारकाव्यांत पडायचे कशाला? दिसायला गाडी गाडीसारखी दिसली की झाले. यावर मला थोडे कडक बोलायचे आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याकडे निघालेली एक खासगी बस समृद्धी महामार्गावर आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, उलटली आणि पेटली. पंचवीस माणसे गेली. बस दाराच्या बाजूवर पडली होती, त्यामुळे दाराची वाट बंद झाली. हे वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या थर्मोकोलच्या बसचा विचार केला. दार कोणत्या बाजूला, संकटकाळी बाहेर पडण्याचे दार कोठे, ते किती रुंद, त्याच्या आड आसन येते का, छताला झरोका आहे का, हे बसचे बारकावे आहेत. ज्या मुलाने आगारातल्या माणसांची परवानगी घेऊन हे एकदा टेपने मोजले आणि १:२५ ने पुठ्ठ्यात कापले, तो आयुष्यात कोणत्याही बसमध्ये चढला तरी ते दार आधी शोधील. प्रतिकृतीवर त्या दाराची नुसती रेघ असेल, पण ती योग्य जागी असेल.

शिक्षकांकडून येणारा आक्षेप वेगळा असतो. ते म्हणतात, “प्रदर्शनात चालती प्रतिकृती हवी, नुसत्या उभ्या गाडीत विज्ञान काय?” दहावीचे वर्ष, वेळ नाही, अभ्यास बुडतो, हेही ते म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पुठ्ठ्याची एक बस करायला महिन्याचे चार रविवार जातात, हे मी लपवणार नाही. मात्र चालत्या प्रतिकृतीचा मुद्दा मला पटत नाही. बाजारातून तयार मोटार आणि सेल आणून चाकाला जोडले, तर चाक फिरते. ते ज्याने मोटार बनवली त्याचे विज्ञान. शिवाय चालतीचे गणित पुरे करायचे असेल तर प्रमाणाचा प्रश्न आणखीच टोकदार होतो. उंचीवरून पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. उंची २५ पट कमी झाली की वेळ फक्त पाचपट कमी होतो. चित्रपटात छोटी मोटार दरीत कोसळताना दाखवतात, तेव्हा सेकंदाला २४ ऐवजी १२० चित्रे घेतात आणि मग ती नेहमीच्या वेगाने दाखवतात, तरच मोटार जड आणि खरी वाटते. पाचपट कोठून आले ते आता तुम्ही सांगू शकता. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ साली स्थापन झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे. तेथे धरणांच्या, नद्यांच्या, बंदरांच्या प्रतिकृती करून त्यांत पाणी खेळवतात. अशा १:२५ च्या प्रतिकृतीत खऱ्या धरणावरचे पाच तास एका तासात उरकतात. हा हिशेब चुकला तर उद्या सांडवा चुकेल. ते अभियंते आपल्या प्रतिकृतीचे प्रमाण लिहायला विसरतील का?

तेव्हा शिक्षकांपुढे आणि माझ्यासारख्या परीक्षकांपुढे माझी सूचना साधी आहे. वाहन असो, पूल असो, लोणार असो. प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक प्रतिकृतीजवळ एक कार्ड असावे. त्यावर प्रमाण, खऱ्या वस्तूवर विद्यार्थ्याने स्वतः घेतलेली निदान तीन मापे, आणि जी गोष्ट प्रमाणात आणता आली नाही ती. पत्र्याची जाडी आणता आली नाही, असे कोणी प्रामाणिकपणे लिहिले तर मी त्याला दोन गुण जास्त देईन. कार्ड नसेल तर बक्षीस नाही, मग दिवे कितीही लागोत. हे फार कडक आहे असे काही मित्र म्हणतात. सुतारकाकांकडून करून आणलेल्या आणि दुकानातून घेतलेल्या प्रतिकृती यामुळे प्रदर्शनातून जातील. काही टेबले रिकामी राहतील. राहू देत.

साहित्याची अडचण कोणी सांगू नये. अरविंद गुप्ता हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. आयआयटीत शिकलेले हे अभियंते पुण्याला टेल्कोच्या ट्रकच्या कारखान्यात काम करत होते. पुढे ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून मुलांसाठी आकृत्या करू लागले. ट्रक बनवणाऱ्या माणसाला काड्या पुरल्या. तुम्हांला पट्टी, टेप, ब्लेड, जुन्या वह्यांचे पुठ्ठे, फेव्हिकॉल, संपलेल्या रिफिली आणि औषधाच्या बाटल्यांची झाकणे पुरतील. रिफिलीचा सायलेन्सर फार सुरेख होतो. काचेसाठी शर्टाच्या खोक्यावरचा पारदर्शक कागद घ्या.

कोठून सुरुवात करावी असे विचाराल, तर मी ट्रॅक्टर सुचवीन. बसला मोठ्या सपाट भिंती असतात आणि त्या वाकतात. ट्रॅक्टरचे सगळे अवयव उघडे, मोजायला सोपे. घाटावर काय किंवा घाटाखाली काय, शेजारीपाजारी एखादा मिळतोच. मालकाला विचारा, इंजिन बंद आणि थंड असताना जा. सर्वांत आधी मागच्या टायरच्या बाजूला वाकून पाहा. तेथे १३.६-२८ असा काहीसा आकडा उमटवलेला असतो. पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो, दुसरा आतल्या रिमचा व्यास. २८ इंच म्हणजे ७१ सेंटिमीटर; १:१० ने तुमच्या पुठ्ठ्याची रिम ७.१ सेंटिमीटर व्यासाची कापा. टायरसकट पूर्ण चाक किती उंच आहे ते मात्र टायरवर लिहिलेले नसते, ते टेपने घ्या. अशा टायरचे ते सुमारे १.३ मीटर भरेल. दोन मापे घ्या, एक जमिनीपासून वरपर्यंत उभे आणि एक आडवे. दोन्ही सारखी येणार नाहीत, कारण ट्रॅक्टरच्या भाराने टायर खाली थोडा बसलेला असतो. तो किती बसला आहे तेही वहीत लिहून ठेवा, आणि पुठ्ठ्याचे चाक खालून त्याच प्रमाणात, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाएवढे, घासा.